'एखाद' म्हणजे एक

प्रिय चिरंजीव,

सप्रेम सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. वादात तू मांडलेला मुद्दा मीही कितीतरी वर्षं उपदेशातून मांडला आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात 6:4 मध्ये देवाला हिब्रूत 'एखाद' म्हटलंय, 'एखाद' म्हणजे अनेकांची मिळून झालेली एकी, आणि ते सांगणाऱ्या मोशेला निव्वळ एक म्हणायचं असतं तर त्याने 'याखीद' हा दुसरा हिब्रू शब्द वापरला असता. म्हणून त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत एकच देव, सिद्ध. मी त्रैक्य मनापासून मानतो. तरीही तुला सांगतो, हा मुद्दा सोडून दे. तो खरा नाही.

'एखाद' म्हणजे मोजणीतला एक. जुन्या करारात तो साडेनऊशेहून अधिक वेळा येतो: एक माणूस, एक गोऱ्हा, एक नगर. उपदेशक 4:8 मध्ये ज्याला ना मुलगा ना भाऊ, अशा एकट्या माणसासाठीही हाच शब्द आहे. तू उत्पत्ती 2:24 मधलं पतीपत्नीचं 'एकदेह' पुढे केलंस, आणि गणना 13:23 मधला द्राक्षांचा एक घोस. पण घोसात पुष्कळ द्राक्षं असतात ती 'घोस' या शब्दामुळे. आपण एक डझन केळी म्हणतो तेव्हा बारा हा आकडा 'डझन'मध्ये असतो, 'एक'मध्ये नसतो. (मराठी कानाला 'एखाद' ऐकताच 'एखादा' आठवतो. दोघांचा काही संबंध नाही. नुसत्या आवाजावर अर्थ बांधायची सवय लावून घेऊ नकोस.)

हे मला ग्रंथालयात कळलं नाही. कोकणातल्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरात, एका वयस्कर बेने इस्राएली (मराठी यहुदी) गृहस्थांनी मला सेफेर तोरा, म्हणजे मोशेच्या पुस्तकांची हस्तलिखित गुंडाळी, उघडून दाखवला. मराठी त्यांची, मराठी माझी. 'शमा'ची ओळ, म्हणजे 'ऐक, हे इस्राएला' अशी सुरू होणारी हीच अनुवाद 6:4 ची ओळ, आली तिथे ते थांबले. त्या ओळीत दोन अक्षरं इतरांपेक्षा मोठी लिहिलेली असतात: पहिल्या शब्दाचं शेवटचं, आयिन, आणि 'एखाद'चं शेवटचं, दालेत. दालेतचा वरचा उजवा कोपरा टोकदार असतो. तो गोल झाला की रेश हे अक्षर होतं, आणि शब्द होतो 'आखेर', म्हणजे दुसरा. एका कोपऱ्याच्या फरकाने 'देव एक' चं 'देव दुसरा' होईल, म्हणून दालेत मोठा लिहायचा, अशी परंपरा ते सांगत होते. मग त्यांनी रब्बी (यहुदी धर्मगुरू) अकिवांची तालमुद या यहुदी धर्मग्रंथातली हकिगत सांगितली. रोमी लोक त्यांना हाल करून मारत होते तेव्हा ते 'शमा' म्हणत होते, आणि 'एखाद' हा शब्द लांबवता लांबवता त्यांचा प्राण गेला. ज्यांनी हा शब्द मरताना ओठांवर धरला, त्यांना त्याचा अर्थ कळलाच नाही, असं मी व्यासपीठावरून सांगत होतो. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

आता 'याखीद'. तो जुन्या करारात बाराच ठिकाणी येतो आणि देवासाठी एकदाही नाही. इसहाक अब्राहामाचा 'याखीद', इफ्ताहाची मुलगी त्याची 'येखिदा', म्हणजे एकुलती. स्तोत्र 25 मध्ये तोच शब्द एकाकी या अर्थाने आहे. तो मोशेने देवासाठी कशाला वापरावा? मायमोनिडीस या मध्ययुगीन यहुदी पंडिताने मुद्दाम 'एखाद' टाळला असंही तुला कोणी सांगेल. पण मिश्ने तोरा या आपल्या हिब्रू धर्मनियमांच्या ग्रंथात तो देवाला 'एखाद'च म्हणतो.

'एलोहीम' हा देवासाठीचा हिब्रू शब्द अनेकवचनी, म्हणून त्रैक्य, असंही म्हणतात. त्याचंही तसंच. रूप अनेकवचनी आहे, पण उत्पत्ती 1:1 मध्ये क्रियापद 'बारा' एकवचनी आहे. आपल्या 'बाबा आले' सारखं नाही. आपण क्रियापदही आदरार्थी करतो, हिब्रू इथे तसं करत नाही. शिवाय शास्ते 11:24 मध्ये कमोश या एकट्या दैवतालाही 'एलोहीम' म्हटलंय. त्याच्यात कोणी तीन व्यक्ती शोधत नाही.

मग आपला विश्वास कशावर उभा आहे? येशूच्या जगण्यावर, मरणावर आणि पुनरुत्थानावर, आणि पहिल्या मंडळीने त्याला प्रभू म्हणून जी प्रार्थना केली तिच्यावर. मार्क 12:29 मध्ये येशू स्वतः 'शमा' म्हणतो, त्यात काही बदल न करता. 1 करिंथ 8:6 मध्ये प्रेषित पौल एकच देव पिता आणि एकच प्रभू येशू ख्रिस्त, असं एका दमात म्हणतो. 325 ला निकिया आणि 381 ला कॉन्स्टँटिनोपल इथल्या धर्मसभांत त्रैक्याबद्दल जे मांडलं गेलं ते ग्रीक शब्दांत, आणि मोठा वाद ग्रीक शब्दांवरच झाला. ते शिकायचं असेल तर मी शिकवीन.

केडगावच्या पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबल मुळातून मराठीत आणायला. 1922 मध्ये त्या गेल्या तोपर्यंत त्या कामातच होत्या. तुझ्याकडे तर अजून सगळं आयुष्य आहे. पुढच्या शनिवारी येताना शब्दसूची काढून 'याखीद'च्या बाराही जागा तुझ्या हाताने उतरवून आण. स्तोत्र 68:6 विसरू नकोस. एकाकी माणसांना देव घरात वसवतो असं तिथे म्हटलंय, आणि ती ओळ मला तुझ्यासोबत हिब्रूत वाचायची आहे.

तुझा,
गुरुजी