एक गवळी, छत्तीस घरं

प्रश्न : कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला होता. वर्षभर तो वाढला नाही, तेव्हा डॉक्टरांनी मांडीच्या त्वचेचे बारीक तुकडे काढून तिथे बसवले. आता तीन महिन्यांनी प्रत्येक तुकड्याभोवती रंग पसरतोय. हा शाईसारखा पाझरतो का? अख्खं कपाळ काळं तर नाही ना होणार? जाऊबाई वांगासाठी बी-३ जीवनसत्त्वाचं क्रीम लावतात, तेच मीही लावू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, शाई नव्हे, रतीब म्हणा.

रंग बनवणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. त्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी बसतात, रंग इवल्या पुड्यांत भरतात आणि आपल्या लांब फांद्यांतून शेजारच्या पेशींना पोचवतात. एका गवळ्याकडे साधारण ३६ घरं. पुड्या मिळाल्या की शेजारची पेशी त्या आपल्या केंद्रकावर छत्रीसारख्या धरते, उन्हापासून आतली जनुकं वाचावीत म्हणून. पुढे ती वर सरकत जाते, मरते आणि महिना-दीड महिन्यात मळाबरोबर निघून जाते. रतीब चुकला की रंग गेलाच.

पुडी नेमकी हातोहात कशी जाते, यावर आम्हा त्वचावाल्यांचं अजून एकमत नाही. कुणी म्हणतं, शेजारची पेशी फांदीचं टोकच गिळते. कुणी म्हणतं, रंगाचे कण बाहेर सोडले जातात आणि ती ते उचलते. मला वाटतं, दोन्ही चालत असावं. फांदीच्या टोकापर्यंत वाहतूक झाली नाही तर काय होतं, ते मात्र पक्कं ठाऊक आहे. ग्रिसेली नावाच्या दुर्मिळ आजारात रंग बनतो, पण पुड्या केंद्रकाभोवतीच अडकून पडतात; मुलाचे केस चंदेरी दिसतात.

तुमच्याकडे गवळीच मेले होते. काही टिकल्यांच्या गोंदात मेलॅनोसाइटना मारणारं रसायन असतं, डाग बरोब्बर टिकलीएवढा पडतो तो त्यामुळे. मांडीच्या तुकड्यांतून नवे गवळी आले. ते रिकाम्या जागेत सरकतायत, वाढतायत, नवी घरं धरतायत. तुकड्यापासून काही मिलिमीटरपर्यंतच जातात, त्यामुळे कपाळ काळं होण्याची भीती नको. तुकडे काही काळ बाकीच्या कपाळापेक्षा गडद किंवा किंचित उंच दिसतील, त्याने घाबरू नका.

आता जाऊबाईंचं क्रीम. त्यातलं नायसिनामाइड रंग बनणं थांबवत नाही, पुड्या पोचवणं कमी करतं. वांगाला ते ठीक. तुम्ही पैसे मोजून गवळी आणलेत आणि आता रतीब बंद करायला निघालात! त्या जागेला ते लावू नका.

चिकटवायची टिकलीही नको, सणालासुद्धा. हळदीकुंकवाला बायका आग्रह करतील. हळदीचं बोट गळ्याला लावून घ्या.