दहा डॉलरला विकलेली पटकथा

प्रश्न : मी शिक्षक असून दर गणेशोत्सवात गावातील मुलांसाठी विनोदी एकांकिका लिहितो. एकांकिका बसवण्यासाठी दिग्दर्शक बाहेरून येतात, तालमीत माझे संवाद बदलले जातात आणि प्रयोगाच्या रात्री हशा भलत्याच ठिकाणी येतो. प्रेस्टन स्टर्जेस या अमेरिकन लेखकाने दिग्दर्शन करायला मिळावे म्हणून आपली पटकथा दहा डॉलरला विकली, असे वाचले. हे खरे आहे काय, आणि त्यातून त्याने काय साधले?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : होय, खरे आहे. ‘द ग्रेट मॅकगिंटी’ची पटकथा पॅरामाउंट या चित्रपट स्टुडिओला दहा डॉलरला देताना आपणच दिग्दर्शन करू, एवढी एकच अट स्टर्जेसने घातली. तेव्हा तो काही धडपडणारा नवखा नव्हता. त्याचे ‘स्ट्रिक्टली डिसऑनरेबल’ हे नाटक १९२९ मध्ये ब्रॉडवेवर गाजले होते आणि १९३३ च्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’साठी त्याने मानधनासोबत उत्पन्नातील टक्केवारीही मिळवली होती. अडचण होती ती आपली आहे तीच. मिचेल लायसनने ‘रिमेंबर द नाइट’ दिग्दर्शित करताना त्याच्या पटकथेतील बराच भाग गाळला, आणि ते शल्य त्याच्या मनात राहिले.

१९४० मध्ये ‘मॅकगिंटी’ पडद्यावर आला. पैसे घेऊन एकाच निवडणुकीत पुन्हापुन्हा मतदान करणारा एक भटक्या पुढे राज्याचा गव्हर्नर होतो आणि एका प्रामाणिक क्षणापायी सर्वस्व गमावतो, अशी ही कथा. मूळ पटकथेसाठीचे ऑस्कर त्या वर्षी प्रथमच दिले गेले आणि ते स्टर्जेसला मिळाले.

तरीही त्याने साधले काय, याचे उत्तर मी पारितोषिकात शोधणार नाही. ते ‘द लेडी ईव्ह’ (१९४१) मधील एका प्रसंगात आहे. जहाजाच्या भोजनगृहात नायिका बार्बरा स्टॅनविक पाठमोरी बसली आहे, आणि धनाढ्य पण भोळ्या नायकाचे, म्हणजे हेन्री फोंडाचे, लक्ष वेधण्यासाठी इतर स्त्रियांची चाललेली धडपड ती आपल्या पावडरच्या डबीतील आरशात पाहत, प्रत्येकीच्या हालचालीवर स्वतःशीच शेरे मारत जाते. वाक्य तिचे आणि चित्र आरशातले, अशी ही जुगलबंदी आहे. शब्द एकाने लिहून चित्र दुसऱ्याने रचले असते, तर शेरा आणि हालचाल यांतील ते अर्ध्या क्षणाचे अंतर हाती लागले नसते, असे मला ठामपणे वाटते. पुढे याच चित्रपटात ती फोंडाच्या केसांतून बोटे फिरवत बोलत राहते आणि सुमारे चार मिनिटे कॅमेरा कोठेही तुटत नाही, कारण आपल्या संवादाचा दम किती आहे हे दिग्दर्शकाला लिहितानाच ठाऊक होते. स्टर्जेस सर्व पात्रांच्या भूमिका स्वतः वठवत सहायिकेला संवाद सांगत असे, म्हणजे पहिली तालीम कागदावर शाई पडण्याआधीच होत असे.

आपल्याकडच्या दशावतारात हा वाद उद्भवत नाही. तेथे आख्यान ठरते, पण संवाद नट उभ्याउभ्या रचतो, आणि हशा कोठे येतो हे समोर बसलेले गाव त्याला त्याच क्षणी सांगते. चित्रपटात तो हशा काही महिन्यांनी आणि दूर कोठेतरी येतो. तोवर हशासाठी थांबायची जागा कोणाला तरी मनात जपावी लागते. आपण या वर्षी निदान एक एकांकिका स्वतः बसवावी, आणि लिहिताना ती मोठ्याने बोलून पाहावी, अशी माझी मनापासून सूचना आहे.

प्रश्न : स्टर्जेसचा पुढे उतार का झाला? त्याचा एकच चित्रपट पाहायचा तर कोणता?
— एक वाचक, दापोली

उत्तर : १९४० ते १९४४ या काळात पॅरामाउंटसाठी त्याने केलेले आठ चित्रपट प्रदर्शित झाले, आणि त्यांतील ‘द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक’ व ‘हेल द कॉन्करिंग हीरो’ या दोहोंच्या पटकथांना एकाच वर्षी ऑस्करची नामांकने होती. मात्र भूल देण्याच्या शोधावरील ‘द ग्रेट मोमेंट’ची स्टुडिओने त्याच्या इच्छेविरुद्ध काटछाट केली आणि तो तेथून बाहेर पडला. धनाढ्य उद्योगपती हॉवर्ड ह्यूजेसबरोबरची भागीदारी लवकरच मोडली, स्वतःच्या ‘द प्लेयर्स’ या उपाहारगृहात पैसा ओतला गेला, आणि १९४८ चा ‘अनफेथफुली युअर्स’ आज नावाजला जात असला, तरी तेव्हा चालला नाही. ६ ऑगस्ट १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या अल्गोंक्विन हॉटेलात, आत्मचरित्राचे काम हाती असतानाच त्याचे निधन झाले.

‘सलिव्हन्स ट्रॅव्हल्स’ पाहा. गरिबीवर गंभीर चित्रपट काढण्यासाठी भिकाऱ्याच्या वेषात निघालेला एक विनोदी दिग्दर्शक सक्तमजुरीच्या छावणीत जाऊन पडतो. एका रात्री कृष्णवर्णीयांच्या छोट्याशा चर्चमध्ये बेड्या घातलेल्या कैद्यांना आणले जाते. त्यांना परके मानू नका, असे धर्मोपदेशक आपल्या लोकांना आधीच बजावतो. मग पडदा लागतो, दिवे मालवतात, आणि डिस्नेच्या व्यंगचित्रपटातील प्लूटो या कुत्र्याची फजिती पाहून सारे हसू लागतात. देवळासमोरच्या मांडवात कापडी पडद्यावर, शेजारी कोण बसले आहे हे न पाहता ज्यांनी चित्रपट पाहिला आहे, त्यांना तो अंधार ओळखीचा वाटेल.