फर्नेसला लाल चिठ्ठी आणि सासऱ्यांची सही

प्रश्न : आम्ही कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या ब्रॅम्प्टनला राहतो. घर माझ्या आणि नवऱ्याच्या नावावर आहे. जानेवारीत एका कंपनीचा फोन आला, ‘89 डॉलरमध्ये फर्नेस (घर गरम ठेवणारं गॅसचं यंत्र) तपासून देतो.’ आम्ही हो म्हटलं. माणूस आला तेव्हा आम्ही दोघं कामावर होतो, घरी सांगलीहून आलेले सासरे होते. हीट एक्स्चेंजरला, म्हणजे आचेची ऊब घरातल्या हवेला देणाऱ्या आतल्या भागाला, तडा गेलाय, असं म्हणून त्याने मोबाइलवर फोटो दाखवला, धोक्याची लाल चिठ्ठी लावली आणि गॅस बंद केला. बाहेर उणे 17. त्याच संध्याकाळी नवा फर्नेस बसवला, बाबांनी टॅबलेटवर बोटाने सही केली. तपासणीचे 249 डॉलर घेतले. शिवाय महिना 119 डॉलर भाडं, दहा वर्षं, दरवर्षी साडेतीन टक्के वाढ. बाबांनी ड्रॉवरमधला चेक दाखवला होता, त्यामुळे पहिला हप्ता नवऱ्याच्या खात्यातून गेलासुद्धा. कराराची प्रत मिळालेली नाही. जुना, 11 वर्षांचा फर्नेस ते घेऊन गेले. आता तीन आठवडे झाले. दहा दिवसांत रद्द करता येतं म्हणतात, ते दिवस तर गेले. घरावर बोजा चढवतील का?

उत्तर : दहा दिवसांचं ओझं आधी डोक्यावरून उतरवा. तुमचं प्रकरण त्या दहा दिवसांवर उभंच नाही. ते उभं आहे एका साध्या प्रश्नावर : फोन कोणी कोणाला केला?

ऑन्टॅरिओत 1 मार्च 2018 पासून फर्नेस, एसी, वॉटर हीटर, पाण्याचे फिल्टर, डक्ट सफाई अशा ठरावीक वस्तू-सेवांचे करार ग्राहकाच्या घरी येऊन गळ्यात मारायला बंदी आहे. अपवाद असा, की ग्राहकाने स्वतः आधी संपर्क साधून करार करण्यासाठीच बोलावलेलं असलं पाहिजे. तुम्ही ‘तपासा’ म्हणालात, ‘फर्नेस भाड्याने द्या’ म्हणाला नाहीत. आणि फोनही त्यांचाच होता. तुम्ही लिहिलंय तसंच घडलं असेल, तर हा करार मुळातच रद्दबातल आहे आणि फर्नेस ठेवून घेऊनही तुम्ही त्यांचं काही देणं लागत नाही. कायदा इतका कडक का झाला, ते ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या कुठल्याही गल्लीत विचारा. त्या दिवसाचा फोनचा कॉल लॉग आजच जपून ठेवा, हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

कंपनी म्हणेल, ‘तुम्हीच बोलावलंत.’ म्हणून दुसरा आधारही तयार ठेवा. कायद्याला हवी तशी लेखी प्रत मिळालीच नसेल, तर करार रद्द करायला दहा दिवस नाही, वर्षभराची मुदत असते. ईमेलचा स्पॅम फोल्डर मात्र एकदा बघून घ्या. विक्रेत्याने टॅबलेटवर कोणाचा ईमेल टाकला होता, हे बाबांना विचारा.

तिसरा आधार त्या तड्याचा. गरज नसताना ‘दुरुस्ती हवी, बदलावंच लागेल’ असं सांगणं हा ग्राहक संरक्षण कायद्यात नाव घेऊन नोंदवलेला गैरव्यवहार आहे, आणि त्यावरही वर्षभरात करार सोडता येतो. समोरच्याला कराराची भाषा नीट समजत नाही याचा फायदा घेणं, हेही त्याच कायद्यात बसतं. तेव्हा बाबांना ‘सही का केलीत’ म्हणून बोलू नका. त्या दिवशी काय काय घडलं ते त्यांच्याकडून मराठीत, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख घाला. शिवाय घर त्यांच्या नावावर नाही आणि तुमच्या वतीने करार करायचा अधिकार तुम्ही त्यांना दिलेला नव्हता, हा मुद्दा वेगळाच.

आता लाल चिठ्ठीबद्दल. चिठ्ठी खोटीच असते असं नाही. तडा गेलेल्या हीट एक्स्चेंजरमधून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. तसा धोका दिसला तर गॅस बंद करणं आणि गॅस पुरवणाऱ्या कंपनीला कळवणं हे परवानाधारक तंत्रज्ञाचं काम आहे. चिठ्ठीचे दोन प्रकार : टाइप ए म्हणजे लगेच बंद, टाइप बी म्हणजे ठरावीक मुदतीत दुरुस्त करा. पण फर्नेस आमच्याकडूनच घ्या, आणि आजच घ्या, असं कुठल्याही चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. एखादा दिवस हीटर लावून काढता आला असता आणि तेवढ्यात दुसऱ्याचं मत घेता आलं असतं. त्या चिठ्ठीची नोंद गॅस कंपनीकडे आहे का, ते विचारा. नोंदच नसेल, तर माझ्या मते तुमचं पारडं फारच जड झालं. चिठ्ठीवर तंत्रज्ञाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक असतो, तो टी.एस.एस.ए.कडे, म्हणजे गॅसच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या ऑन्टॅरिओच्या संस्थेकडे, पडताळून घ्या. गॅसच्या कामातल्या निष्काळजीपणाची तक्रारही तिथेच होते.

आणखी एक. बऱ्याच कंपन्यांच्या फर्नेसमध्ये हीट एक्स्चेंजरला 20 वर्षांची किंवा त्याहून लांब वॉरंटी असते; मजुरी मात्र आपली. तुमचा 11 वर्षांचाच होता. जुनं बिल, मॉडेल नंबर, घर घेतानाचा तपासणी अहवाल, जे मिळेल ते शोधा. तडा खरा निघाला तरी पार्ट फुकट मिळण्याची शक्यता होती, हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही.

मी वकील आहे, मेकॅनिक नव्हे. पण या भांडणांमुळे इतकी बिलं हाताखालून गेली आहेत, की दरांचा अंदाज आलाय. फर्नेस पेटतो आणि काही सेकंदांत विझतो, तेव्हा बहुतेकदा फ्लेम सेन्सरवर काजळी धरलेली असते. सफाई तपासणीच्या पैशांतच, शे-दोनशे डॉलरमध्ये होते. इग्निटर गेला तर दोनशे ते चारशे. ब्लोअरची मोटर पाचशेपासून हजाराच्या पुढे. फिल्टर तुंबला की फर्नेस तापून आपोआप बंद पडतो, त्याला लागतो वीस डॉलरचा फिल्टर. बाहेरच्या पांढऱ्या पाइपच्या तोंडाशी बर्फ साचला तरी तो पेटत नाही. एका घरी तर बेसमेंटमधलं फर्नेसचं लाल पट्टीचं बटण दिव्याचं समजून कोणीतरी बंद केलं होतं आणि त्याचंही बिल लागलं होतं.

तुमच्या कराराचा हिशेब मांडून पाहा. 119 डॉलर, साडेतीन टक्के वाढ, दहा वर्षं : 16,750 च्या आसपास. त्यावर 13 टक्के एच.एस.टी. (विक्रीकर) धरला की 19,000 ला पोचतो. मध्यम आकाराच्या घराला असा फर्नेस विकत घेऊन बसवायला साधारण पाच-सहा हजार डॉलर पडतात.

तपासणीचे 89 चे 249 झाले, तेही सोडू नका. करारात अंदाजे रक्कम दिली असेल तर त्यावर दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे 98 डॉलरच्या आतच. जास्तीचं काम आणि त्याचा दर जागेवर लेखी मान्य केला असेल तर गोष्ट वेगळी.

बोजाची भीती काढून टाका. भाड्याच्या फर्नेससाठी घराच्या नोंदीवर बोजा चढवायचा आणि घर विकताना हजारो डॉलर उकळायचे, हा धंदा इथे खूप चालला. 6 जून 2024 पासून ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी अशी नोंद करता येत नाही. आधीच्या नोंदीही संपल्या असं धरलं जातं.

या आठवड्यात कंपनीला पत्र लिहा : करार आम्ही रद्दबातल मानतो, आणि तसा नसेल तर या पत्राने तो रद्द करत आहोत, घेतलेले पैसे 15 दिवसांत परत करा. ईमेलने पाठवा आणि रजिस्टर्ड पोस्टानेही. पत्र गेल्यावरच बँकेत जा. नवऱ्याच्या परवानगीशिवाय खात्यातून हप्ता कापला गेला, अशी तक्रार पैसे गेल्याच्या दिवसापासून 90 दिवसांत करता येते. नुसता हप्ता थांबवून गप्प बसलात तर ते वसुलीवाल्यांकडे जातील आणि तुमच्या क्रेडिटवर डाग लागेल. पत्राची प्रत हाताशी असली की तिथे भांडता येतं. मग कंझ्युमर प्रोटेक्शन ऑन्टॅरिओकडे तक्रार, ती फुकट आहे. त्यानेही हलले नाहीत तर स्मॉल क्लेम्स कोर्ट. तिथली मर्यादा 1 ऑक्टोबर 2025 पासून 50,000 डॉलर आहे आणि वकिलाशिवाय उभं राहता येतं.

ते फर्नेस काढून न्यायला आले तर दारातूनच परत पाठवा आणि काय म्हणायचं ते लेखी द्यायला सांगा. करार मुळातच रद्दबातल ठरला तर फर्नेस परत द्यायची गरज नाही. तो ‘रद्द केलेला’ ठरला तर न्यायचा खर्च त्यांचा, पण तारीख तुमच्या सोयीची आणि दुसरा फर्नेस बसल्यानंतरची असू द्या. बाबा घरी एकटे असतील तेव्हा कोणालाच आत घेऊ नका, हे त्यांना नीट समजावून ठेवा.