गाडीला काहीच झालं नव्हतं

एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. वय एक्कावन्न, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. तीन आठवडे एकटीने गाडी चालवत तिने देशाचं एक टोक ते दुसरं टोक गाठलं आणि सुखरूप परत आली. शेवटी ती विचारते: 'ताई, तिकडे जो मोकळेपणा मिळाला तो महिन्याभरात विरून गेला. घरात कुणाबद्दल तक्रार नाही, यांनी तर स्वतःहून पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी याहून मोठी सफर करायचं मनात आहे. हा स्वार्थीपणा होईल का?'

पत्राच्या मध्यावर, कंसात, एवढंच आहे: 'शेवटच्या दिवशी घर तासाभरावर असताना मी एका हॉटेलात मुक्काम केला. गाडी सुरू होत नाही असं घरी कळवलं. नंतर यांनी बॅटरी बदलून घेतली.'

प्रिय मैत्रिणी,

तुमचे रस्ते मी मन लावून वाचले. पहिले काही दिवस डोक्यात घरचीच यादी फिरत होती, बिलं, औषधं, कुणाला फोन करायचा राहिला, आणि मग एका दुपारी ती आपोआप थांबली, हे तुम्ही फार नेमकं लिहिलंय. लांबच्या रस्त्यावर हात-पाय कामात असतात, नजर समोर असते आणि बोलायला शेजारी कुणी नसतं. वर्षानुवर्षं ढकलून दिलेले विषय अशा वेळी एकेक करून वर येतात आणि ते टाळून उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. तुम्ही मोठ्याने स्वतःशी बोलायला लागलात, एकदा रडायला यायला लागलं म्हणून गाडी कडेला घेतलीत. छान केलंत, दोन्ही.

स्वार्थीपणाचं उत्तर: नाही. खुशाल जा. पण मला बोलायचंय ते त्या कंसाबद्दल.

तुम्ही दमला होतात. सलग काही तास गाडी चालवून झाली होती. दर दोन तासांनी निदान पंधरा मिनिटं थांबा, असं लांब पल्ल्याच्या चालकांना सांगतात ते उगीच नाही. उत्तररात्री आणि भर दुपारी डुलकी लागण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. म्हणजे 'दमलेय, आज इथेच झोपते, सकाळी येते' हे सांगायला तुमच्याकडे खरं, शहाणपणाचं आणि कुणालाही पटेल असं कारण होतं. तेसुद्धा तुम्ही वापरलं नाहीत. तुम्ही गाडी बंद पाडलीत. तुमच्या घरात गाडीला थांबायचा हक्क आहे, तुम्हाला नाही, हे तुम्ही किती सहज धरून चाललात! तीन आठवडे स्वतःच्या मर्जीने थांबलेली बाई शेवटच्या रात्रीपुरता बिघाड शोधते, आणि महिन्याभराने मला विचारते की मोकळेपणा कुठे गेला. तो घरी आलाच नाही. तुम्ही त्याला त्या हॉटेलातच ठेवून आलात.

तुमचे यजमान चांगले आहेत, हे पत्रात चार वेळा आलंय. त्यांनी टायर बदलून दिले, विमा पाहिला, रोज रात्री फोन केला. मी त्यांचं कौतुक करण्यात ओळी घालवणार नाही. इतक्या चांगल्या माणसाला 'मला आज यायचं नाहीये' एवढं सांगता येत नसेल, तर त्या चांगुलपणात काहीतरी आहे ज्याला तुम्ही घाबरता. कदाचित त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटेल त्याला. ते काय आहे ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्यांना मात्र ते कळूच शकत नाही, कारण ते बॅटरी तपासत बसलेत.

बर्था बेंझची गोष्ट तुम्ही पत्रात आणलीत, ती नवऱ्याला न सांगता निघाली होती म्हणून. मग ती पुरती आठवू या. ऑगस्ट 1888. दोन मुलांना घेऊन ती नवऱ्याने, कार्ल बेंझने, बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, आपल्या माहेरी निघाली. अंतर सुमारे 106 किलोमीटर. तोवर मोटारीने इतक्या लांब कुणी गेलंच नव्हतं. इंधन संपत आलं तेव्हा ते तिने वाटेतल्या औषधांच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. चढावर गाडी दम टाकायची, तेव्हा मुलांनी खाली उतरून ढकलली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. संध्याकाळी पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. आणि काही दिवसांनी परत आल्यावर कार्लला सांगितलं की तुझी गाडी चढ चढत नाही, तिला आणखी एक गिअर लागेल. ती सुधारणा झाली.

न सांगता जाणं ही त्या गोष्टीतली लहान बाब आहे. परत येऊन काय चालत नाही ते तिने घराच्या माणसाला तोंडावर सांगितलं, आणि त्यामुळे गाडी बदलली. तुम्ही नेमकं उलटं केलंत. चालणाऱ्या गाडीत खोट काढलीत आणि जे खरंच चालत नाही त्याबद्दल अवाक्षर नाही.

एक व्यवहाराची गोष्टही सांगते, कारण मला तुमची काळजी वाटते. एकटीने जाणाऱ्या बाईचा मोठा आधार म्हणजे घरी बसलेला एक माणूस, ज्याला आजचा रस्ता, मुक्काम आणि पोचायची वेळ ठाऊक असते. ठरल्या वेळी फोन आला नाही तर शोध तिथून सुरू होतो. त्या माणसाला मिळणारी माहिती खरी असली पाहिजे. पुढच्या वेळी निर्जन रस्त्यावर खरोखर स्टार्टर मारून गाडी हूं की चूं करणार नाही तेव्हा तुम्हाला एका क्षणात विश्वास ठेवणारा माणूस हवाय. आणि घरी आज अशी गाडी उभी आहे जिच्यातला बिघाड कधीच सापडला नाही. तुमचे यजमान तिच्यावर पुरता भरवसा ठेवणार नाहीत आणि का ठेवत नाहीत हे फक्त तुम्हाला माहीत असेल.

म्हणून नवीन सफरीचा नकाशा बाजूला ठेवा. आज रात्री जेवणं आटोपली की त्यांच्या समोर बसा आणि सांगा: 'त्या दिवशी गाडीला काहीच झालं नव्हतं. मला घरी यायचं नव्हतं.' पुढे लगेच 'पण' जोडू नका. माफी बॅटरीच्या पैशांपुरती मागा, त्या रात्रीची नाही. ते दुखावतील. दुखावू द्या, समजूत काढायला धावू नका. ते विचारतील, का यायचं नव्हतं? त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे. कडेला गाडी घेऊन ज्या गोष्टीसाठी रडलात, तीच सांगा. सात पानी पत्रात तुम्ही मला प्रत्येक घाट आणि प्रत्येक नदी सांगितलीत, पण ती गोष्ट काय होती ते मलाही लिहिलं नाहीत, माझ्या लक्षात आलंय.

मला परत लिहा. ते काय म्हणाले ते नंतर कळवा; आधी तुम्ही काय सांगितलंत ते लिहा.