वसंताच्या सुरुवातीला शहरातल्या बागांमध्ये फोटो काढत फिरायचं आहे. कोणती वेळ चांगली?

सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास गाठा. तेव्हा ऊन तिरपं नि मऊ असतं, वाराही बहुधा पडलेला असतो. फुलांच्या क्लोजअपमध्ये खरा घोळ वाराच घालतो. म्हणून शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा मंद नको. कोवळी पालवी पातळ असते, ती सूर्य आणि तुमच्यामध्ये येईल असे उभे राहा. पान आतून उजळल्यासारखं दिसतं. पांढरा बहर मात्र कॅमेऱ्याला फसवतो: त्यातलं प्रकाश मोजणारं मीटर सगळं मध्यम करडं धरून चालतं, म्हणून पाकळ्या मळकट येतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +०.७ ते +१ ठेवा. आभाळ भरलेलं असेल तर एवढ्या लवकर उठायची गरज नाही, दुपारीही चालेल. फक्त ते पांढरं आकाश फ्रेममध्ये घेऊ नका.