शिक्का वाचल्याशिवाय काउंटर सोडू नकोस

पुढच्या महिन्यात तू एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा) अमेरिकेला येतोयस, वहिनी आणि लेक एच-४वर (त्यावर येणाऱ्या कुटुंबाचा व्हिसा), आणि विमानतळावर चुकीचा शिक्का बसला तर काय, असं विचारलंस. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

लांबलचक प्रवास, दीड तासाची रांग, लेक खांद्यावर गाढ झोपलेली. ऑफिसरने तीन शिक्के मारले, पेनाने काहीतरी खरडलं आणि आम्ही बॅगांकडे पळालो. तिसऱ्या दिवशी पाहतो तर बायकोच्या शिक्क्यावर एच-४ऐवजी बी-२! म्हणजे टुरिस्ट, मुदत सहा महिने. व्हिसा तीन वर्षांचा होता, म्हणून मी आधी निवांत होतो. तो शुद्ध अडाणीपणा. व्हिसा दारापर्यंत आणतो. आत किती राहायचं ते आय-९४ (प्रवेशाच्या वेळी होणारी सरकारी नोंद) ठरवतो. त्याच्या मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलं तर ३ वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर किंवा जास्त राहिलं तर १०.

२०१३ पासून विमानाने येणाऱ्यांचा आय-९४ ऑनलाइनच असतो, आणि आता बऱ्याचदा शिक्काही मारत नाहीत. म्हणून उतरल्यावर एक-दोन दिवसांत सीबीपीच्या (प्रवेश तपासणारं अमेरिकन सरकारी खातं) साइटवर तिघांचाही काढून बघ. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, त्यामुळे 'सापडला नाही' असं आलं तर घाबरू नकोस. पासपोर्टवर आहे तसं पहिलं आणि मधलं, दोन्ही नावं एकत्र टाकून बघ. तारीख वाचताना आधी महिना, मग दिवस, हेही लक्षात ठेव.

चूक दिसली तर सीबीपीच्या 'डिफर्ड इन्स्पेक्शन' ऑफिसला (प्रवेशाच्या नोंदीतल्या चुका दुरुस्त करणारं) गाठायचं. मोठ्या विमानतळांवर ते असतं. आधी फोन करून विचार, काही ठिकाणी ईमेलवरही काम होतं. आम्ही दोघांचे पासपोर्ट, माझं आय-७९७ (एच-१बीच्या मंजुरीचं पत्र) आणि मॅरेज सर्टिफिकेट घेऊन गेलो. तिथल्या ऑफिसर बाईंनी व्हिसा बघितला, जुनी नोंद खोडली, नवी लिहिली, सिस्टिममध्ये बदल केला. पैसे नाहीत, वकील नाही. तरी घरी येऊन ऑनलाइन बदललंय का ते मी पुन्हा पाहिलंच.

तुझी खरी गोची मला वेगळीकडेच दिसते. वहिनींचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय म्हणालास. अशा वेळी बरेच ऑफिसर पासपोर्ट संपतो त्याच तारखेपर्यंत आय-९४ देतात. ती चूक धरत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीही सहजी होत नाही. मग मुदतवाढीचा अर्ज करा, नाहीतर देशाबाहेर जाऊन परत या. जमलं तर निघण्याआधी तत्काळमध्ये नवा पासपोर्ट काढून घ्या. व्हिसा जुन्यात असला तरी चालतो, फक्त दोन्ही पासपोर्ट हॅंडबॅगेत ठेवा. माझ्या एका मित्राने जुना चेक-इन बॅगेत टाकला होता.