चावी बंद केली तरी पळणारं इंजिन: ट्रक पुलिंगमध्ये एअर शटऑफ का लागतो

तुमचा प्रश्न असा आहे: इंडियानात स्वतःचा ट्रक चालवणारा तुमचा भाचा यंदा काउंटी फेअरच्या ट्रक पुलमध्ये उतरतोय. गाडी चावीने नीट बंद होते. मग हवा तोडणारा वेगळा व्हॉल्व्ह (एअर शटऑफ) आणि मागच्या बाजूला केबल बसवायचा आग्रह कशासाठी? मी ओहायोत डिझेल मेकॅनिक आहे आणि उन्हाळ्यात अशा स्पर्धांआधी गाड्या तपासायला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: ट्रेलर सोडून नुसता घोडा, म्हणजे ट्रकचा पुढचा इंजिन-केबिनचा भाग आणायचा, त्याला स्लेड, म्हणजे वजन लादलेली घसरगाडी जोडायची आणि साधारण 300 फुटांच्या मातीच्या ट्रॅकवर ओढायची. गाडी पुढे जाईल तशी स्लेडवरची वजनाची पेटीही पुढे सरकते, त्यामुळे ओढ वाढतच जाते. तोवर ड्रायव्हरचा पाय पूर्ण दाबलेला असतो. हायवेवर वर्षभर न पडणारा ताण टर्बोवर (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यावर) त्या अर्ध्या मिनिटात पडतो.

डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. हवा दाबून तापते आणि त्यात जळण्यासारखं काहीही आलं की पेट घेते. चावी फक्त डिझेल तोडते. टर्बोचा सील गेला तर टर्बोला जाणारं इंजिन ऑईल हवेच्या पाइपात शिरतं आणि इंजिन स्वतःच्याच ऑईलवर पळायला लागतं. फेऱ्या वाढल्या की टर्बो अजून जोरात फिरतो आणि अजून ऑईल ढकलतो. अशा वेळी चावी खिशात घालून ड्रायव्हर खाली उतरला तरी इंजिनाला काही फरक पडत नाही.

हे मी लहानपणी आमच्या विहिरीवर पाहिलंय. पंपाच्या इंजिनाच्या एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर ऑईल भरलं गेलं होतं. इंजिनाने ते आत ओढलं आणि पळालं. वडिलांनी डिझेलचा कॉक बंद केला, तरी आवाज चढतच गेला. शेवटी ओलं पोतं हवेच्या तोंडावर दाबून धरलं तेव्हा ते थांबलं. ते छोटं इंजिन होतं म्हणून जमलं. ट्रकचं 14.6 लिटरचं इंजिन 2000 फेऱ्यांवर टर्बोशिवायच मिनिटाला 14,600 लिटर हवा ओढतं. टर्बोचा दाब 2 बार धरला तर ढोबळमानाने त्याच्या तिप्पट. तिथे पोतं किंवा फडकं आत ओढलं जाईल आणि हात लावणाऱ्याचा हात जाईल. भाच्याला हे आवर्जून सांगा: पळालेल्या इंजिनाजवळ कोणीही जायचं नाही.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांना आणखी एक दुखणं असतं. पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारा दांडा, उघडा अडकला की डिझेल वाहतच राहतं. त्यावर डिझेल तोडणारा व्हॉल्व्ह चालतो. ऑईलवर पळणाऱ्या इंजिनाला मात्र हवा तोडण्याखेरीज भरवशाचा उपाय नाही. म्हणून एकाच्या बदली दुसरं चालत नाही.

आता मागची केबल. तिच्या टोकाला एक रिंग असते आणि ती स्लेडला जोडतात. हिच (गाडी आणि स्लेड जोडणारा आकडा) तुटून गाडी स्लेडपासून सुटली तर इंजिनावरचा भार एका क्षणात नाहीसा होतो आणि फेऱ्या उसळतात. ड्रायव्हरला कळायच्या आत रिंग खेचली जाऊन हवा बंद व्हायला हवी. ड्रायव्हर बेशुद्ध पडला तर स्लेडवरचा माणूसही तीच केबल ओढू शकतो. ट्रॅक्टरपेक्षा ट्रकची चेसी लांब, त्यामुळे केबलही लांब आणि वळणं जास्त. एक्झॉस्टजवळून गेली तर आवरण वितळतं, सस्पेन्शनजवळून गेली तर चिमटते. रिंग सरळ मागे ओढली जाईल अशीच ठेवा. लोंबू नये म्हणून बांधायची तर हलक्या झटक्यात तुटेल अशा बारीक टायने.

मागच्या हंगामात एका मालकाने नवी कोरी पाटी, म्हणजे खाचेत सरकून हवेची वाट बंद करणारा शटऑफ, बसवून आणली होती. इंजिन आयडलवर ठेवून मी मागून रिंग ओढली. पाटी सरकली, इंजिन दबलं, धूर काळा झाला... आणि इंजिन तसंच गुरगुरत राहिलं. टॉर्च मारून पाहिलं तर खाचेत वाळू बसली होती आणि खाली बोटभर फट उरली होती. तेवढी हवा आयडलला पुरते. इंजिन बंद ठेवून त्याने पाटी दहादा हलवून पाहिली होती, चालू इंजिनावर एकदाही नाही. ती गाडी मी त्या दिवशी उतरू दिली नाही आणि आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

व्हॉल्व्ह कुठे बसवायचा यावर मेकॅनिकांत वाद आहेत. टर्बोच्या आधी बसवला तर पुढचा पाइप फुटल्यावर इंजिन तिथून हवा घेऊ शकतं. मॅनिफोल्डजवळ, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाजवळ बसवला तर टर्बोचा सगळा दाब पाटीवर येतो. मला मॅनिफोल्डजवळची जागा जास्त पटते, पण भाच्याच्या क्लासचं नियमपुस्तक म्हणेल तेच करा. कुठेही बसवला तरी व्हॉल्व्ह ते इंजिन हा तुकडा कडक पाइपाचा हवा. मऊ होज ओढीने चपटा होतो किंवा क्लॅम्पमधून निसटतो.

दर स्पर्धेआधी आयडलवर, गाडी न्यूट्रलला आणि ब्रेक लावून, एकाने केबिनमध्ये बसायचं आणि दुसऱ्याने मागून रिंग ओढायची. पूर्ण फेऱ्यांवर ही चाचणी करू नका. टर्बोआधीचा व्हॉल्व्ह असेल तर त्या ओढीने चांगल्या सीलमधूनही ऑईल खेचलं जातं.

इंजिन खरोखर पळालं आणि शटऑफने थांबलं, तर पाटी उघडून लगेच स्टार्ट मारू नका. इंटरकूलर (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणारा रेडिएटर) आणि पाइप सोडून आत साचलेलं ऑईल पूर्ण काढा, टर्बोचा शाफ्ट हलतो का ते बघा. इंटरकूलरमध्ये ऑईल राहिलं असेल तर टर्बो बदलूनही इंजिन पुन्हा पळतं.